तिरुक्करुगावूर : प्रसादाचे तूप आणि कुंभकोणमची न्याहारी

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्करुगावूर कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. येथील गर्भरक्षांबिका मंदिरात अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या दांपत्यांना अभिमंत्रित तूप दिले जाते. ते ४८ दिवस थोडे थोडे सेवन करण्याची प्रथा आहे. न्याहारीसाठी मात्र यात्रेकरूंनी कुंभकोणम गाठावे. कुंभेश्वर मंदिराजवळील मंगलांबिका हे तेथील जुने उपाहारगृह. निर्भेळ दूध आणि दाट अर्काची ‘डिग्री कॉफी’ पितळी पेल्यातूनच प्यावी. इडलीसोबत मूगडाळ-बटाट्याचा ‘कडप्पा’ मागावा. नाव आंध्रातील शहराचे वाटले तरी हा रस्सा कावेरीकाठचाच. तंजावरात १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडल्याची कथा येथे आवडीने सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही.