मागच्या ॲक्सलचे आवाज : वापरलेल्या गाडीतील निदान

मागच्या ॲक्सलमधून येणाऱ्या आवाजावरून बिघाडाची नेमकी जागा शोधण्याची पद्धत. ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, ऑम्नी, इको, बोलेरो अशा, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्यांत तिचे महत्त्व अधिक. आवाज किती मोठा आहे याला फारसा अर्थ नसतो. तो कशाने बदलतो, हे पाहणे हाच निदानाचा पाया होय.

रचना : प्रोपेलर शाफ्टची फिरकी पिनियन या छोट्या दातेरी चाकाला मिळते. पिनियन क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो आणि जोर काटकोनात वळून ॲक्सल शाफ्टमार्फत चाकांपर्यंत जातो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ती सोय डिफरन्शियलमधील छोटे गिअर करतात. हायपॉइड प्रकारात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसवतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये ही रचना मोटारीत आणली. त्यामुळे शाफ्ट आणि पर्यायाने गाडीचा तळ खाली घेता आला. मात्र हे दाते एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यांना जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल लागते. स्विफ्टसारख्या, पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत मागे डिफरन्शियल नसतेच. तिथे चाकाचे बेअरिंग, बुश, शॉकॲब्सॉर्बर आणि ब्रेक ड्रम एवढेच संशयित उरतात.

रस्त्यावरील चाचणी : आधी टायर वगळावेत. गुळगुळीत डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाज बदलला, तर दोष बहुधा टायरचा. टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवावा. एका दिशेला हात गुळगुळीत सरकला आणि दुसऱ्या दिशेला कडा बोचल्या, तर झीज असमान आहे. पुढची-मागची चाके अदलाबदल केल्यावर आवाजही जागा बदलत असेल, तर शंका उरत नाही.

त्यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून ऐकावे. दाबल्यावरच बारीक ‘कूं’ उमटत असेल, तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांची पुढची बाजू झिजलेली असते. सोडल्यावरच येत असेल, तर मागची बाजू किंवा पिनियनच्या बेअरिंगमधील ढिलाई. दोन्ही वेळा सारखीच घरघर राहिली, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो; त्या वेळी घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग तपासावे. फक्त वळणावर, तेही कमी वेगात होणारा आवाज डिफरन्शियलच्या छोट्या गिअरचा असू शकतो. गाडी जागेवरून निघताना एकच ‘खाट्’ झाले, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा), स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट आधी पाहावेत.

आवाजाची गतीही बोलकी असते. ताशी ६० किमी वेगाला, दोन मीटर परिघाचे चाक मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते. ४:१ गुणोत्तर असल्यास पिनियन २,००० फेरे घेतो. म्हणून पिनियनचे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगपेक्षा वरच्या सुरात वाजते.

जॅकवरील तपासणी : पुढच्या चाकांना ठोकळे लावून ॲक्सल स्टँडवर टेकवावा. फक्त एक चाक उचललेले असताना गाडी गिअरमध्ये चालवू नये. ती जॅकवरून सुटू शकते. हँडब्रेक सोडून एका हाताने चाक फिरवावे आणि दुसरा हात पाट्यावर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर कानाला कळण्याआधी हाताला कळते.

गिअर ऑइल : चुंबकी ड्रेन प्लगवरचा राखाडी, लोण्यासारखा लेप ही नेहमीची झीज असते, पण बोटांत चिमटताना कपच्या लागल्या, तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहे. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी. गरम ॲक्सल पाण्यात बुडून एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) पाणी ओढले जाते. मुंबईतला २६ जुलै २००५ चा किंवा सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर पाहिलेल्या गाडीत हे ऑइल तपासलेच पाहिजे. विकणाऱ्याने जाड ऑइल भरून आवाज दाबलेला असू शकतो, म्हणून ऑइल नुकतेच बदलले असेल तर कारण विचारावे.

दुरुस्ती : क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. नव्या जोडीत दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजून आणि रंग लावून दात्यांचा ठसा पाहून बसवावी लागते. केवळ अंदाजाने बसवलेली जोडी पुन्हा वाजू लागते. त्यामानाने क्रॉस, बुश किंवा टायर स्वस्तात सुटतात; म्हणून हौसिंग उघडण्यापूर्वी ते वगळणे खरेदीदाराच्या हिताचे.

धोका : क्राऊन-पिनियनचा सौम्य सूर बराच काळ तसाच राहू शकतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर मात्र थांबू देत नाही. अनेक गाड्यांत तेच बेअरिंग ॲक्सल शाफ्ट जागेवर धरून ठेवते; ते पूर्ण मोडले, तर शाफ्टसह चाक बाहेर येऊ शकते. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी लांब पल्ल्याला नेऊ नये.