ऑपेरा हाउस : वास्तू परक्यांची, गाणे आपले

बंदराच्या शहरात परदेशातून केवळ माल उतरत नाही; त्या मालाबरोबर करमणुकीच्या रीतीही उतरतात. त्यांपैकी काही परत जातात, काही येथेच राहतात आणि कालांतराने त्यांचा परकेपणा कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस हे याचे उत्तम उदाहरण होय. या नाट्यगृहाचा इतिहास बहुधा राजे आणि मालक यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तेथे तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांचा विचार केल्यावाचून तो पुरा होत नाही.

या वास्तूची कल्पना १९०८ च्या सुमारास पुढे आली. मॉरिस बँडमन हा नाट्यव्यवसायी आणि जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी गृहस्थ, हे दोघे तिचे प्रवर्तक. बँडमनचा व्यवसाय कलकत्त्याशी निगडित होता. बँडमनच्या मंडळ्या पूर्वेकडील मोठमोठ्या शहरांतून इंग्रजी खेळ करीत फिरत. आपल्या जबलपूरवरून मुंबई व कलकत्ता ही शहरे जोडणारा लोहमार्ग १८७० सालीच पुरा झाला होता. पडदे, पोशाख व वाद्ये घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना अशा मार्गांनीच देशभर संचार करणे शक्य झाले. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली हिंदुस्थानात आले, तेव्हा काम अपुरे असतानाच त्यांच्या हस्ते या नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. ‘रॉयल’ हे उपपद त्याचेच द्योतक. प्रत्यक्ष खेळ सुरू झाले ते मात्र १९१२ साली.

आता मराठी रंगभूमीकडे वळू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगविले आणि १८५३ साली त्यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले ते १८८० साली. म्हणजे ऑपेरा हाउसचा पडदा प्रथम वर गेला, तेव्हा गाण्यातून नाटक ऐकण्याची सवय मराठी प्रेक्षकास जडून तीस वर्षे उलटली होती. ऑपेरा आणि संगीत नाटक यांत भेद आहे, हे खरेच. तेथे बहुतेक संवादही गायिले जातात, तर आपल्याकडे गद्याच्या ओघात पद येते; तेथे मोठा वाद्यवृंद असतो, येथे ऑर्गन, सारंगी व तबला. परंतु दोहोंची मुख्य गरज एकच : एका मनुष्याचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे. ध्वनिवर्धकाचा आधार नसलेल्या त्या काळात ही गरज भागविणारी वास्तू गिरगावच्या मराठी वस्तीलगत उभी राहिली. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे गाणे तेथे झाले, यात नवल ते काय? पुढे १९४४ साली स्थापन झालेल्या पृथ्वी थिएटर्सनेही तेथे हिंदी नाटके केली.

गेल्या रजेत मुंबईस गेलो असता ही वास्तू आतून पाहण्याचा योग आला. घुमटाचे आठ भाग, त्यांवरील कवी-नाटककारांच्या प्रतिमा, ससून घराण्याकडून आलेली झुंबरे, मागील बाजूच्या बैठकी, वरचे सज्जे. सर्वत्र युरोपीय थाटाचा सोनेरी साज. आपल्या नाटकमंडळ्यांच्या कापडी मांडवांशी याचे कोणतेच साम्य नाही. तरीही रंगमंचाकडे तोंड करून बसलो असता मला प्रथम आठवले ते ऑर्गनचे सूर. मी ऑपेरा कधी ऐकलेला नाही. नाट्यपदे मात्र आईच्या तोंडून ऐकत वाढलो.

बोलपटांचा जमाना आला तसे या नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले. १९५२ साली ते गोंडलच्या महाराजांनी विकत घेतले. पुढे घरोघरी दूरदर्शन व व्हिडिओ आले, प्रेक्षक ओसरला आणि १९९३ साली दरवाजे बंद झाले. बंद दारापुढून तेवीस वर्षे लोक ये-जा करीत राहिले. विशेष हे की, त्या परिसराचे नाव ऑपेरा हाउसच राहिले. अखेर वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. त्या प्रसंगी गायिल्या पॅट्रिशिया रोझारियो. मूळच्या मुंबईच्याच आणि ऑपेराच्या गायिका! पुढील वर्षी या जीर्णोद्धारास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कारही लाभला.

नाट्यगृह कोण बांधतो, यापेक्षा ते कोण वापरतो, यावर त्याचे आयुष्य ठरते. आपण बदलीवर फिरणारी माणसे. दुसऱ्याने बांधलेल्या, तिसऱ्याने सोडलेल्या निवासात आपण संसार थाटतो आणि चार वर्षांत त्याला घर म्हणू लागतो. नाट्यगृहाची गोष्ट याहून निराळी नाही. जबलपूरच्या शहीद स्मारकाचेच पाहा. ब्योहार राममनोहर सिन्हा यांची भित्तिचित्रे तेथे आहेत म्हणून आपण पाहुण्यांस ते कौतुकाने दाखवितो. पण तेथील खेळास तिकीट काढून आपल्यापैकी कितीजण जातात? तेवीस वर्षे बंद पडलेले दार राजाश्रयाने आणि तज्ज्ञांच्या कौशल्याने उघडता येते. ते उघडे ठेवण्यास मात्र खुर्चीवर येऊन बसणारी माणसेच लागतात.