हजीऱ्याच्या ट्रंकेतले 'समाजस्वास्थ्य'

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात, तानसेनच्या समाधीपासून फार लांब नाही, माझी मावसआजी राहायची. पेडण्याची मुलगी, १९५१ साली विसाव्या वर्षी लग्न होऊन तिकडे गेली. आजोबा बिर्लानगरच्या गिरणीत हिशेबनीस. मी कॉलेजात असताना एकदा तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या ट्रंकेत तळाशी, साड्यांखाली, जुन्या मासिकांचा गठ्ठा दिसला. नाव 'समाजस्वास्थ्य', संपादक र. धों. कर्वे.

मित्रहो, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी घालवली. (सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला या वाक्यापाशी थांबावेसे वाटते.) जुलै १९२७ मध्ये मासिक सुरू केले. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून चालवले. लोक पत्राने प्रश्न विचारत, आणि घरात कुणी देणार नाही ती उत्तरे कर्वे सरळ छापत.

त्यासाठी खटले झाले. १९३१ साली शंभर रुपये दंड. १९३४ चा खटला तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच उभा राहिला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि प्रश्नात विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला.

मी आजीला विचारले, हे तुझ्याकडे कसे? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "बाळा, लग्नानंतर चादरीवर डाग दिसला नाही. सासूबाई दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाच वाटायला लागलं, आपल्यात काहीतरी खोट आहे. तुझ्या आजोबांनी हे अंक आणून दिले, म्हणाले, वाच." त्यात तिने नेमके काय वाचले ते काही सांगितले नाही. रडायची मात्र थांबले, एवढेच म्हणाली.

पहिल्या संबंधावेळी पुष्कळ स्त्रियांना रक्त येत नाही. योनिपटल प्रत्येकीचे वेगळे असते, कुणाचे लवचिक, कुणाचे अगदी थोडे. ते पाहून कौमार्य ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कौमार्य चाचणी बंद करा असे जगाला सांगितले. त्याच वर्षी आपल्या शेजारी महाराष्ट्रात कंजारभाट समाजातली तरुण मुले-मुली त्याच पांढऱ्या चादरीविरुद्ध जातपंचायतीसमोर उभी राहिली होती.

आजी गेल्यावर तो गठ्ठा माझ्याकडे आला. कडा कसरीने खाल्ल्या आहेत. माझी मुलगी आता कॉलेजात जाते. मी तो ट्रंकेत ठेवलेला नाही, बाहेरच्या कपाटात ठेवला आहे.