रोज बदलणाऱ्या यादीत मॅक्रोने फॉर्म्युला कसा भरायचा?

एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड केला, पहिल्या दिवशी मस्त चालला, दुसऱ्या दिवशी खालच्या काही ओळी रिकाम्याच राहिल्या, असं तुमच्यासोबत झालंय का? आज याच प्रॉब्लेमबद्दल बोलू. उदाहरण माझ्या गावाकडचं घेतो, म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील.

मी तिरोड्याचा. गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा पट्टा. खरीप निघाला की हमीभावाने धान खरेदी सुरू होते. सरकारी नोंद पोर्टलवर होतेच, पण केंद्रावर बसणारी पोरं बाजूला आपली एक एक्सेल शीट ठेवतात. समजा तिची रचना अशी आहे: ए कॉलममध्ये टोकन नंबर, बी मध्ये शेतकऱ्याचं नाव, सी मध्ये कट्टे, डी मध्ये वजन क्विंटलमध्ये, ई मध्ये धानाची प्रत, एफ मध्ये मोबाइल नंबर आणि जी मध्ये रक्कम. पहिली ओळ शीर्षकांची. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव साधारण धानाला २,३६९ रुपये आणि 'अ' प्रतीला २,३८९ रुपये क्विंटल आहे. हे दर बाजूला लिहून ठेवायचे: आय१ मध्ये 'साधारण', जे१ मध्ये २३६९, आय२ मध्ये 'अ', जे२ मध्ये २३८९.

आता सोमवारी यादीत ३८ शेतकरी होते. तुम्ही रेकॉर्डर चालू केला, जी२ मध्ये फॉर्म्युला टाकला, सेलच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं, फॉर्म्युला खालपर्यंत गेला, रेकॉर्डर बंद. वाटतं की मॅक्रो शिकला 'शेवटपर्यंत भर'. पण तो शिकला 'जी२ ते जी३९ भर'. कोड उघडून बघा, तिथे ३९ हा आकडा स्पष्ट लिहिलेला दिसेल. रेकॉर्डर तुमचा हेतू लिहीत नाही, त्या दिवशी जे घडलं तेवढंच लिहितो. 'यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस' चालू केलं तरी फक्त सुरुवातीची जागा सरकते, ओळींची संख्या तीच राहते.

मंगळवारी ५२ शेतकरी आले तर १४ जणांची रक्कम कोरी राहणार. कुठेही एरर येत नाही. खालची बेरीज रिकामे सेल मुकाट्याने सोडून देते आणि एक छान दिसणारा, पण कमी आकडा दाखवते. एकेकाचे २० क्विंटल धरले तरी साधारण दराने माणशी ४७,३८० रुपये, म्हणजे १४ जणांचे ६,६३,३२० रुपये त्या बेरजेत नाहीत. सोसायटीत कर्ज भरायची तारीख जवळ आलेल्या माणसाला 'तुमचं नाव आहे, पण रक्कम दिसत नाही' हे सांगणं काय असतं, ते काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारा.

आणि हे फक्त गावातल्या शीटमध्येच होतं असं नाही हां. हार्वर्डच्या कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा सरकारी कर्ज आणि विकासदरावरचा पेपर जगभर गाजला होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून तपासली. डेटा ४९ व्या ओळीपर्यंत होता, सरासरीचा फॉर्म्युला मात्र ४४ व्या ओळीवर थांबला होता. पाच देश बाहेर राहिले होते. पेपरवर बाकीचेही आक्षेप होते, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही रेंज.

तर उपाय काय? मॅक्रोमध्ये शेवटच्या ओळीचा आकडा लिहायचाच नाही. प्रत्येक वेळी चालताना त्याने शीटला विचारायचं, 'आज शेवटची ओळ कुठली?' आणि मग तिथपर्यंतच फॉर्म्युला टाकायचा.

अल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडा, इन्सर्टमधून नवीन मोड्यूल घ्या. खालचा कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय. एडिटरमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचा. 'एक्सएलअप', 'क्लिअरकंटेंट्स', 'व्हीलुकअप' हे सलग, मध्ये जागा न सोडता.

सब रक्कम()
डिम एन अॅज लाँग
विथ शीट१
.रेंज("जी२:जी" & .रोज.काउंट).क्लिअरकंटेंट्स
एन = .सेल्स(.रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो
इफ एन < २ देन एक्झिट सब
.रेंज("जी२:जी" & एन).फॉर्म्युला = "=डी२*व्हीलुकअप(ई२,$आय$१:$जे$२,२,फॉल्स)"
एंड विथ
एंड सब

सगळा जीव 'एन' वाल्या ओळीत आहे. ती ए कॉलमच्या अगदी तळाशी जाते, म्हणजे आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ व्या ओळीवर, आणि तिथून वर उडी मारते. पहिला भरलेला सेल लागला की थांबते. तीच आजची शेवटची ओळ. वरून खाली का नाही यायचं? कारण मध्ये एखादा सेल कोरा असला की उडी तिथेच अडते आणि खालची अर्धी यादी सुटते. म्हणूनच कॉलमही विचार करून निवडायचा. टोकन नंबर प्रत्येकाला असतोच, म्हणून १ म्हणजे ए कॉलम. मोबाइल नंबरचा कॉलम धरला आणि शेवटच्या दोन काकांकडे मोबाइलच नसला, तर दोघेही यादीबाहेर.

'रोज.काउंट' ऐवजी इंटरनेटवरच्या जुन्या कोडमध्ये ६५५३६ हा आकडा सर्रास दिसतो. २००७ च्या आधी एक्सेलची शीट तिथेच संपायची. तो कोड कॉपी करू नका. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या यंत्रणेत जुन्या फॉरमॅटच्या याच मर्यादेमुळे कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नव्हते.

फॉर्म्युल्याच्या ओळीत लूप नाही, हे बघितलंत? पूर्ण रेंजला एकदाच फॉर्म्युला दिला की एक्सेल स्वतःच तिसऱ्या ओळीत डी३, चौथ्या ओळीत डी४ करून घेतो. डॉलरचं चिन्ह लावलेले दराचे सेल मात्र जागेवरून हलत नाहीत. नवीन शिकणारे इथे एकेक ओळ फिरवत बसतात. त्याने काम होतं, पण यादी हजारांत गेली की शीट रडते.

क्लिअरची ओळ यादी कमी झाली तर कामाला येते. मंगळवारी ५२, बुधवारी ३०. साफ केलं नाही तर मंगळवारचे २२ फॉर्म्युले खाली लटकलेले राहतील. आणि 'इफ एन < २' का? यादी पूर्ण कोरी असेल तर एन १ येतो, रेंज होते 'जी२:जी१', एक्सेल ती उलटी करून जी१ पासून धरतो आणि तुमच्या शीर्षकावर फॉर्म्युला लिहून टाकतो! 'लाँग' घ्यायचं कारण सोपं आहे: 'इंटिजर' ३२,७६७ च्या पुढे मोजू शकत नाही.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास गोष्ट, जी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये तुम्हाला कोणी सांगणार नाही. एक्सेलचा हा कोड एडिटर जुना आहे, त्याला देवनागरी समजत नाही. कोडमध्ये 'साधारण' टाइप किंवा पेस्ट केलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते आणि तुलना कधीच जुळत नाही. म्हणून मराठी शब्द सेलमध्ये ठेवायचे (आपण आय१, आय२ मध्ये ठेवलेत) आणि कोडने फक्त सेलचा पत्ता सांगायचा. शीटला 'धान खरेदी' असं मराठी नाव असलं तरी एडिटरमध्ये डावीकडे तिचं आतलं नाव 'शीट१' दिसतं, तेच वापरायचं.

व्हीलुकअपमागेही कारण आहे. इथे 'इफ' वापरून 'अ असेल तर हा दर, नाहीतर तो' असं लिहिता आलं असतं. पण मग कोणी 'अ' च्या पुढे चुकून स्पेस दिली की त्या शेतकऱ्याला क्विंटलमागे २० रुपये कमी लागणार आणि कोणाला कळणारही नाही. शेवटी 'फॉल्स' असलेला व्हीलुकअप अशा वेळी सरळ एरर दाखवतो. मला गप्प बसणाऱ्या चुकीपेक्षा बोंब मारणारी शीट केव्हाही बरी वाटते.

एकूण बेरीज यादीच्या खाली ठेवू नका. खाली ठेवली आणि तिच्यापुढे ए कॉलममध्ये 'एकूण' लिहिलं, की मॅक्रो तिलाही शेतकरी समजतो. जे४ मध्ये पूर्ण जी कॉलमची बेरीज टाका, विषय संपला. एकाही ओळीत एरर असेल तर बेरजेतही एररच दिसेल, आणि ते चांगलंच आहे.

चालवण्याआधी फाइलची कॉपी घ्या, कारण मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने परत फिरत नाही. फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, नाहीतर खालून मारलेली उडी दिसणाऱ्या शेवटच्या ओळीवरच थांबते. फाइल सेव्ह करताना 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' निवडा. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली आहे. फाइल ओळखीच्या माणसाची असेल तरच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या अनोळखी मॅक्रो फाइलला हात लावू नका.

खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मॅक्रो लागतोच असं नाही. तुम्ही एकाच शीटमध्ये रोज हाताने ओळी वाढवत असाल, तर यादी सिलेक्ट करून कंट्रोल-टी दाबा. तिचं टेबल होतं आणि नवीन ओळीत फॉर्म्युला आपोआप उतरतो. मॅक्रोचा खरा उपयोग, रोज नवी यादी दुसरीकडून आणून जुन्यावर पेस्ट करावी लागते तेव्हा.

आता तुमच्यापैकी अनेकांकडे फक्त मोबाइल आहे, हे मला माहीत आहे. मोबाइलच्या एक्सेल अॅपमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. लॅपटॉपवर भरलेले फॉर्म्युले दिसतील, हिशोबही होईल, पण मॅक्रो पळवता येणार नाही. मोबाइलवर गूगल शीट्स घ्या आणि तीच रचना ठेवून जी२ मध्ये एकच फॉर्म्युला टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

=अॅरेफॉर्म्युला(इफ(ए२:ए="","",डी२:डी*व्हीलुकअप(ई२:ई,आय१:जे२,२,फॉल्स)))

'ए२:ए' चा अर्थ ए२ पासून खाली जिथपर्यंत शीट आहे तिथपर्यंत. टोकन नंबर पडला की रक्कम येते, टोकन पुसला की जाते. फक्त जी२ च्या खाली हाताने काही टाइप करू नका, एका अक्षरानेही तो फॉर्म्युला अडतो आणि पूर्ण कॉलम रिकामा होतो.