रान कोणी खाल्ले?

स्पेकबूम हे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातले, जाड रसाळ पानांचे झुडूप. हत्ती त्याचा पाला वरून ओरबाडतो. खालच्या फांद्या जमिनीला टेकून मुळे धरतात आणि झुडूप पसरत जाते. शेळी बुडापासून खाते, त्या टेकलेल्या फांद्याच संपवते आणि झुडूप वाळून जाते. एवढे सांगून थांबले की सारा दोष शेळीच्या माथी बसतो. पण शेळी स्वतःला एका रानात कोंडून घेत नाही. तिला कोणी कोंडले, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

या मुलखात खोईखोई आणि खोसा लोक गुरे राखीत. खोसा गुराखी ऋतूप्रमाणे कळप एका कुरणातून दुसऱ्या कुरणात नेत. १८११-१२ साली कर्नल जॉन ग्रॅहमच्या ब्रिटिश फौजेने सुमारे वीस हजार खोसांना फिश नदीपलीकडे हाकलले. त्यांची घरे आणि उभी पिके नष्ट केली. १८२० साली त्या जमिनीवर ब्रिटिश वसाहतवाले आणून बसवले. १८३८ साली तुर्कस्तानातून अंगोरा शेळ्या आल्या. त्यांच्या केसांच्या धाग्याला इंग्लंडच्या गिरण्यांत मोठी मागणी होती. पुढे कुंपणे पडली, कळप बारमाही एकाच रानात राहिले आणि लाखो हेक्टरांवरचे स्पेकबूम उजाड झाले. नफा मालकाच्या घरी गेला, बदनामी शेळीच्या वाट्याला आली.

१९१३ च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य काळ्या जनतेसाठी जेमतेम सात टक्के जमीन राखली. घरातून काढलेली, गुराढोरांसह रस्त्यावर भटकणारी कुटुंबे सॉल प्लाटजे यांनी स्वतः पाहिली आणि १९१६ च्या आपल्या ग्रंथात आपल्या लोकांसाठी 'परिया' हा शब्द वापरला. तमिळ मुलखातल्या परैयर जातीच्या नावावरून तो इंग्रजीत गेलेला. आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव तिथल्या बेघर माणसाला जसेच्या तसे बसले. दुसऱ्याची गुरे राखणाऱ्याचा मी नातू. ते का बसले, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

२००४ साली सरकारने उजाड रानात स्पेकबूमच्या फांद्या पुन्हा रोवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. रोवणारे हात मजुरांचे. मात्र १९९४ च्या कायद्याने १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीवरच दावा सांगता येतो. १८१२ ची हकालपट्टी त्यात बसत नाही. ग्रॅहमच्या नावाचे शहर २०१८ साली खोसा योद्ध्याच्या नावाने 'मखांडा' झाले. नाव बदलणे योग्यच. पण नावाने जमिनीचा हक्क बदलत नाही. झुडपाला जुने रान परत देताना कोणी तारखेची अट घालत नाही, ती माणसालाच घातली जाते. म्हणून रान कोणी खाल्ले, याचे उत्तर जमिनीच्या कागदपत्रांत शोधले पाहिजे.