चित्रबंध आणि पाठनिर्णय

संस्कृत काव्यांच्या पोथ्यांत कमल, खड्ग, मुरज, चक्र अशा आकृतींत मांडलेलीं अक्षरें पुष्कळदां आढळतात. संग्राहक हीं पानें शोभेचीं म्हणून जपतो. संपादक त्यांस शब्दांची कसरत समजून आकृति गाळतो. दोघांच्याहि हातून त्यांचा एक मोठा उपयोग निसटतो. चित्रबंध हें पाठनिर्णयाचें साधन आहे, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

दंडीनें काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदांत गोमूत्रिका, अर्धभ्रम व सर्वतोभद्र यांचीं लक्षणें दिलीं. पुढें आनंदवर्धनानें चित्रास खऱ्या काव्याची पदवी नाकारली व मम्मटानें त्यास अधम काव्यांत घातलें. रसाच्या दृष्टीनें हा निवाडा मान्य केला, तरी संशोधकाचा प्रश्न निराळा आहे.

भारवीच्या किरातार्जुनीयाच्या १५ व्या व माघाच्या शिशुपालवधाच्या १९ व्या सर्गांत सर्वतोभद्र आहे. आठ अक्षरांचे चार चरण. प्रत्येक चरण उलट वाचला तरी तोच. हे चरण पहिल्यापासून चौथ्यापर्यंत व पुन्हा चौथ्यापासून पहिल्यापर्यंत लिहून ६४ घरें भरलीं, म्हणजे पट आडवा वाचा कीं उभा, वाचन एकच. हिशेब केला तर श्लोकाच्या ३२ अक्षरांत स्वतंत्र अक्षरस्थानें अवघीं १० निघतात. त्यांपैकीं सहा प्रत्येकीं चार वेळां व चार प्रत्येकीं दोन वेळां येतात. नकलकाराचें एक अक्षर चुकलें, तर पहिल्या प्रकारांत उरलेलीं तीन अक्षरें त्याविरुद्ध साक्ष देतात. दुसऱ्या प्रकारांत चूक असल्याचें कळतें. खरें अक्षर मात्र अर्थावरून ठरवावें लागतें.

या साक्षीसहि मर्यादा आहे. चित्रांत ब-व व ड-ल यांचा भेद धरीत नाहींत, आणि अनुस्वार-विसर्गांनीं बंध मोडत नाहीं. तेवढ्या ठिकाणीं आकृतीचा आधार घेतां येत नाहीं.

कर्तृत्वाच्या बाबतींतहि बंध बोलतो. माघाच्या त्याच सर्गाच्या शेवटीं जो चक्रबंध आहे, त्याच्या वलयांवरचीं अक्षरें जुळविलीं कीं कवीचें व काव्याचें नांव निघतें. पुष्पिकेचें पान गळालें तरी हा पुरावा श्लोकांतच राहतो.

पोथीबाहेरहि हा प्रकार दिसतो. भोजशाला व कमाल मौला मशीद या दोन्ही नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या धार येथील वास्तूंत परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. त्यांत वर्णमाला व व्याकरणांतील प्रत्यय नागाच्या विळख्यांत बसविले आहेत. असेच लेख उज्जयिनीस व ऊन येथेंहि आहेत. तेथें वेटोळ्यांची दिशा सोडून नुसतीं अक्षरें उतरलीं, तर लेखाचा अर्धा भाग हरवतो.

मराठींत मोरोपंतांचें (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण घ्यावें. तेथें आकृति नाहीं, तरी तत्त्व तेंच. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य असल्यामुळें एखाद्या प्रतींत प-वर्गांतील अक्षर दिसलें, तर तो पाठ पंतांचा नव्हे असें समजण्यास बळकट कारण मिळतें.

म्हणून पोथ्यांची सूची करितांना बंधाचें नांव, घरांची संख्या व वाचनाचा क्रम नोंदवावा. नक्कल घेतांना आकृति जशीच्या तशी उतरावी. आणि छापतांना श्लोकाशेजारीं ती द्यावी. पाठ दुरुस्त करण्यापूर्वीं घरें मोजावीं. आकृति गाळून छापलेली प्रत वाचकाच्या हातीं श्लोक देते, पण तो तपासण्याचें साधन काढून घेते.