लिंक्डइनवर प्रोफाइल कसं असावं? धाराशिवमधून नोकरी शोधणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावं

"तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?" नोकरीचा विषय निघाला की घरात हा प्रश्न हमखास येतो. धाराशिव जिल्ह्यात मोठे उद्योग कमी आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचं उस्मानाबादही होतं. त्यामुळे पदवीनंतर अनेकांना पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं, आणि तिथं ओळख नसते. ती मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे लिंक्डइन. 2003 मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ आता मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे आणि त्यावर खातं उघडायला पैसे लागत नाहीत.

धाराशिव लिहायचं की उस्मानाबाद?

जिल्ह्याचं अधिकृत नाव 2023 मध्ये बदललं. पण जुन्या मार्कशीटवर, टीसीवर उस्मानाबादच छापलेलं आहे, आणि पुण्यात बसून उमेदवार शोधणारी व्यक्ती सर्चमध्ये कुठलं नाव टाकेल हे सांगता येत नाही. म्हणून ठिकाणाच्या रकान्यात जे नाव निवडायला मिळेल ते निवडा आणि स्वतःबद्दलच्या मजकुरात 'धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद)' असं एकदा लिहा. बाहेरगावी जायची तयारी असेल, तर 'ओपन टू वर्क'मध्ये ती शहरंही नोंदवा.

स्वतःच्या नावाचंही तसंच. ते कागदपत्रांशी जुळायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांना आधीचं नाव वेगळ्या रकान्यात देता येतं. पडताळणीच्या वेळी होणारी बरीच डोकेदुखी त्यानं टळते.

हेडलाइनमध्ये काय लिहावं?

नावाखालची ही ओळ 220 अक्षरांपर्यंत लिहिता येते. बहुतेक जण तिथं 'मेहनती, प्रामाणिक, संधीच्या शोधात' असं काहीतरी लिहितात. हे शब्द कुणी सर्च करत नाही. समजा, बीकॉम झालेली एखादी मुलगी कळंबमधल्या कृषी सेवा केंद्राचा हिशेब पाहते. तिनं 'बीकॉम, टॅली, जीएसटी रिटर्न, स्टॉकचा हिशेब' एवढं लिहिलं तरी ती सापडू शकते. अनुभवात पुढे सांगावं: खरिपाच्या हंगामात रोज किती बिलं केली, उधारीची नोंद कशी ठेवली. दुकान छोटं असलं तरी हा अनुभवच आहे, तो लपवायचं कारण नाही. मजकूर साध्या इंग्रजीत ठेवा, कारण बाहेरच्या कंपन्या शोध इंग्रजीतच घेतात.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं

एमपीएससी किंवा पोलीस भरतीच्या तयारीत दोन-तीन वर्षं गेली की प्रोफाइलवर मोकळी जागा दिसते. ती झाकण्यासाठी खोटी नोकरी दाखवणं सर्वात महागात पडतं. लिंक्डइनवर 2022 पासून 'करिअर ब्रेक' नोंदवता येतो. कोणत्या परीक्षेची तयारी केली, कुठल्या टप्प्यापर्यंत पोहोचलात, सोबत शिकवण्या घेतल्या असतील तर त्या, हे सरळ लिहा. पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला असाल, तर ते आवर्जून लिहावं.

ओळख कुणाशी करायची?

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवी नोकरी मिळण्यात जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीचे लोक अधिक उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे: मित्रांना माहीत असलेली जागा आपल्यालाही बहुधा आधीच कळलेली असते.

सुरुवात आपल्या कॉलेजपासून करा. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते. कोण कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत आहे हे त्यात पाहता येतं. विनंतीसोबत दोन ओळी लिहा: "सर, मीही तुमच्याच कॉलेजचा, यंदा बीएस्सी झालो. तुमच्या कंपनीत लॅबमध्ये फ्रेशर घेतात का, एवढं सांगाल का?" थेट "नोकरी लावून द्या" असं लिहिलं, तर उत्तर येण्याची शक्यता कमी. मोफत खात्यावरून अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, त्या जपून वापरा.

प्रोफाइल दिसू लागलं की भामट्यांचेही मेसेज येतात. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे किंवा लॅपटॉपसाठी डिपॉझिट मागितलं, की बोलणं तिथंच थांबवा. मोबाइल नंबर आणि आधारचा फोटो प्रोफाइलवर टाकू नका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा; जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.